'आंतररुग्ण' म्हणजे कोण? दवाखान्याच्या पाट्या आणि आपली प्रश्नावली

या वेळी आकडेमोड कमी आणि शब्द जास्त आहेत. पण विषय शेवटी आकड्यांचाच आहे. पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांनी, विशेषतः ज्यांना गावात जाऊन माणसांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांनी, हा लेख शेवटपर्यंत वाचावा. मी जी चूक केली ती तुम्ही करू नये, एवढाच हेतू.

माझ्या प्रश्नावलीतला सातवा प्रश्न असा होता: 'गेल्या ३ महिन्यांत आपण रुग्णालयात आंतररुग्ण म्हणून दाखल झाला होतात का?' खाली तीन चौकोन: हो, नाही, माहीत नाही.

प्रश्न शुद्ध होता. एका जाणकाराने इंग्रजीतून मराठीत आणला, दुसऱ्याने मूळ न बघता परत इंग्रजीत नेला, दोन्ही इंग्रजी मजकूर तंतोतंत जुळले. भाषांतराचं प्रमाणपत्र जोडलं, नैतिकता समितीची मंजुरी मिळाली. मी खूश.

मग बीड जिल्ह्यातल्या एका गावात चाचणी फेरी सुरू केली. एक मावशी शेंगा फोडत ओट्यावर बसल्या होत्या. (हा प्रसंग त्यांच्या परवानगीने, नाव-गाव न देता सांगतेय.) सातव्या प्रश्नाला त्या म्हणाल्या, "नाही." मी 'नाही'वर खूण केली. अर्ध्या तासाने चहा झाला, गप्पा रंगल्या, आणि त्या सहज बोलून गेल्या, "मागल्या महिन्यात चार दिवस सरकारी दवाखान्यात होते बाई. सलाईनवर सलाईन."

मी म्हटलं, "मावशी, मग मघाशी नाही का म्हणालात?"

"तू इचारलं व्हय तसं? तू तर आंतर का काय म्हनलीस. मला वाटलं आतड्याचं काही इचारायलीस. आतड्याला काही न्हाई झालं मला."

ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. माझं काम प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर आहे. अशा अभ्यासात 'माणूस अलीकडे रुग्णालयात राहून आलाय का' ही माहिती फार महत्त्वाची असते, कारण असे जिवाणू रुग्णालयात अंगाला लागण्याची शक्यता जास्त असते. ज्या मावशींची नोंद 'हो' हवी होती, ती माझ्या कागदावर 'नाही' झाली होती. त्या आपणहून बोलल्या नसत्या तर ती कायमची तशीच राहिली असती.

त्यानंतर काही सकाळी मी मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या आवारात वही घेऊन बसले. पाट्या उतरवून घेतल्या आणि माणसं एकमेकांना काय विचारतात ते ऐकलं. हा लेख म्हणजे त्या पाट्यांची आणि त्याच साच्यातून निघालेल्या आपल्या प्रश्नावल्यांची समीक्षा आहे.

आधी इमारत वाचू

फाटकापासून सुरुवात करू. पाटी म्हणते 'रुग्णालय'. आपल्याकडे कुणीही 'रुग्णालयात चाललो' म्हणत नाही. 'दवाखान्यात' किंवा 'सिव्हिलला'. दवाखाना हा फारसी वळणाचा शब्द. बीड १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि कारभार उर्दूतून चालायचा, त्यामुळे हा शब्द आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे. किनारपट्टीकडे पोर्तुगीज वळणाचा 'इस्पितळ' दिसतो, गोव्यात 'इश्पितळ' आजही रोजच्या बोलण्यात आहे. 'सिव्हिल' इंग्रजांच्या व्यवस्थेतून आला. लष्कराचं नाही ते सिव्हिल, एवढाच त्याचा मूळ अर्थ. लष्कर गेलं, सिव्हिल राहिलं. संभाजीनगरच्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला सगळा मराठवाडा 'घाटी' म्हणतो. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला 'स्वाराती' म्हणतात. हे शेवटचं नाव मला फार आवडतं. लांबलचक नावाची मराठी आद्याक्षरं घेऊन लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी चालता-बोलता शब्द तयार केला, 'ओपीडी'सारखाच. म्हणजे मराठीत नवे शब्द होत नाहीत अशातली गोष्ट नाही.

आत गेलं की 'बाह्यरुग्ण विभाग'. इंग्रजीत हा शब्द सरळ आहे: जो रुग्ण मुक्कामाला राहत नाही, तपासून घरी जातो, त्याचा विभाग. मराठीत त्याचे दोन तुकडे जसेच्या तसे जोडले. पण 'बाहेरचा' या शब्दाला आपल्याकडे वेगळे अर्थ आहेत. बाहेरचा म्हणजे परगावचा, परजिल्ह्यातला. 'बाहेरचं काही' म्हणजे तर बाधा. त्या पाटीखाली एक आजोबा खिडकी सोडून उभे होते. वाचता येत होतं, म्हणूनच अडले होते. "आम्ही बाहेरचे न्हाई, ह्याच जिल्ह्यातले हाव," ते म्हणाले. बाजूच्या मामांनी, म्हणजे वॉर्डबॉयनी, "ओपीडी हीच आहे काका, केसपेपर काढा," म्हटल्यावर क्षणात उलगडा झाला. ज्याला अजिबात वाचता येत नव्हतं तो माणूस विचारून केव्हाच पुढे गेला होता.

'आंतररुग्ण'चं दुखणं याहून खोल आहे. 'आंतर' हे पद आपण रोज कुठे ऐकतो? आंतरजातीय विवाह, आंतरराष्ट्रीय सामना, शिक्षकांची आंतरजिल्हा बदली. तिथे त्याचा अर्थ 'दोहोंच्या मधला' असा होतो. 'आतला' या अर्थी आपण 'अंतर्गत' म्हणतो. मग आंतररुग्ण म्हणजे कोण? दोन रुग्णांच्या मधला? शब्द ऐकणाऱ्याच्या डोक्यात ओळखीचा कोणताच कप्पा उघडत नाही. मावशींच्या डोक्यात निदान आतड्याचा कप्पा उघडला. आणि त्या फार चुकल्या असंही नाही, कारण वैद्यकीय मराठीत आतड्याला 'आंत्र'च म्हणतात.

पुढे 'अपघात विभाग'. इंग्रजीतल्या शब्दाचं मूळ योगायोगाने, अचानक घडणं यात आहे, पुढे तो युद्धातल्या मृत आणि जखमींसाठीही वापरात आला. सरकारी मराठीतही अपघाताचा अर्थ रुंद आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या नेत्याच्या नावाने असलेल्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजनेत सर्पदंशही अपघातच धरला जायचा. पण बोलण्यात अपघात म्हणजे गाडीचा. ज्याला शेतात पान लागलंय, म्हणजे साप चावलाय, किंवा ज्याच्या छातीत कळ आलीय, त्याच्या नातेवाइकाने ही पाटी पाहून आपलं माणूस इथेच आणायचं हे कसं ओळखावं? इथे तर मिनिटांचा हिशोब असतो.

'शस्त्रक्रियागृह' हा शब्द चांगला बांधलेला आहे. पण त्या दाराकडे बोट दाखवून सगळे 'ओटी' किंवा 'ठेटर' म्हणतात. इंग्रजीत त्याला थिएटर का म्हणतात, हा प्रश्न मलाही लहानपणी पडायचा. कारण अगदी सरळ आहे: एके काळी ते खरंच नाट्यगृह होतं. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाचं १८२२ सालचं शस्त्रक्रियेचं दालन आज संग्रहालय म्हणून जपलेलं आहे. मध्ये लाकडी मेज आणि भोवती चढत्या पायऱ्या, विद्यार्थ्यांनी उभं राहून बघण्यासाठी. बोस्टनमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ रोजी इथर देऊन शस्त्रक्रिया दाखवली गेली, तीही अशाच प्रेक्षकांनी भरलेल्या दालनात. पुढे जंतुसंसर्ग कळला, प्रेक्षक बाहेर गेले, नाव तेवढं राहिलं.

'लेबर रूम'ची गंमत खास आपल्या जिल्ह्याची आहे. बीडमध्ये 'लेबर' म्हणजे ऊसतोडीला जाणारी माणसं. मुकादम 'लेबर' घेऊन जातो, उचल 'लेबर'ला देतो. इंग्रजीत कष्ट आणि कळा या दोन्हींसाठी एकच शब्द आहे, आपल्याकडे त्यातला फक्त एक अर्थ पोचला. ऊसतोडीहून परतलेली बाई त्या दारातून आत जाते तेव्हा खरं तर दोन्ही अर्थ एकदम आत जातात. पाटीवर मात्र 'प्रसूती कक्ष' असतं. बाया 'डिलिव्हरीची खोली' म्हणतात, म्हाताऱ्या 'बाळंतिणीची'.

राहता राहिला 'अतिदक्षता विभाग'. दक्षता म्हणजे सावधपणा. कार्यालयांमध्ये 'दक्षता विभाग' असतो, तो लाचखोरीवर लक्ष ठेवतो. इंग्रजी शब्दात मात्र भर आहे तो काळजी घेण्यावर. लहान बाळांच्या विभागाला 'नवजात शिशु काळजी कक्ष' म्हटलं जातं, ते मला जास्त पटतं. मराठीत 'काळजी' म्हणजे जपणं आणि चिंताही. इंग्रजी शब्दाचं जुनं मूळही दुःख आणि चिंता याच अर्थाचं आहे. दारातल्या बाकावर बसलेल्या आईला हे समजावून सांगावं लागत नाही. ती मात्र या विभागाला 'पेटी' म्हणते. "बाळ पेटीत आहे."

दोन शब्दांत अख्खी इमारत

पाट्या एकाखाली एक लिहिल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. इंग्रजीत इमारतीच्या भागांना वेगवेगळे शब्द आहेत: डिपार्टमेंट, युनिट, वॉर्ड, रूम, सेल, काउंटर. प्रत्येकाचा आकार आणि काम वेगळं. पाट्यांच्या मराठीत यांतल्या बहुतेकांचं काम दोनच शब्दांवर टाकलंय: 'विभाग' आणि 'कक्ष'. बाह्यरुग्ण विभाग, अतिदक्षता विभाग, क्ष-किरण विभाग, अपघात विभाग. प्रसूती कक्ष, नोंदणी कक्ष, तक्रार निवारण कक्ष, जळीत कक्ष. शिवाय मतदानाचा कक्ष आणि साहेबांचा कक्षही आहेच.

याचा परिणाम प्रश्नावलीवर होतो. माझ्या यादीत 'आपण कोणत्या विभागात दाखल होता?' असाही प्रश्न होता. एक काका म्हणाले, "मराठवाडा विभागात." ते थट्टा करत नव्हते. लाइटबिलापासून बोर्डाच्या परीक्षेपर्यंत 'विभाग' त्यांनी त्याच अर्थाने वाचला होता.

मग सगळंच सरकारी मराठी वाईट का?

इथे घाई करू नये. सरकारी शब्दांची टिंगल करणं सोपं आहे आणि जुनंही आहे. महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी, १९६० मध्ये, भाषा संचालनालय स्थापन झालं. त्याने पदनामांचा कोश काढला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटल्याचं प्रसिद्ध आहे. पण त्या काळात घडवलेले कित्येक शब्द आज आपण न अडखळता वापरतो. दवाखान्यातलंच उदाहरण 'रक्तपेढी'. पेढी म्हणजे व्यापाऱ्याची, सावकाराची जागा, हा शब्द लोकांना आधीपासून माहीत होता. पैसा ठेवावा, गरजेला काढावा, तसं रक्त. त्यात रक्तदान शिबिरांच्या फलकांनी आणि बातम्यांनी तो घरोघर नेला. 'जळीत' हा तर बोलीतलाच शब्द, म्हणून 'जळीत कक्ष' कुणालाही कळतो.

आणि बोलण्यातली इंग्रजी तरी निर्दोष आहे का? 'मेडिकल' हा शब्द घ्या. बीडमध्ये 'मेडिकलवर जाऊन ये' म्हणजे औषधाच्या दुकानात. नागपुरात 'मेडिकलला नेलं' म्हणजे तिथल्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. 'पोरगं मेडिकलला आहे' म्हणजे डॉक्टरकी शिकतंय. एकाच राज्यात तीन अर्थ. 'ॲडमिट'ही तसाच. मी सातव्या प्रश्नात 'आंतररुग्ण' काढून 'ॲडमिट' घातलं, तर दुपारभर बाकावर पडून सलाईन घेऊन संध्याकाळी घरी आलेला माणूसही 'हो' म्हणाला. त्याच्या दृष्टीने तो ॲडमिटच होता. माझ्या व्याख्येत तो बसत नव्हता. आधी खऱ्या 'हो'चं 'नाही' होत होतं, आता खऱ्या 'नाही'चं 'हो' व्हायला लागलं.

तेव्हा शब्द मराठी की इंग्रजी, संस्कृत की फारसी, यावर निकाल लागत नाही. 'थिएटर' हा इंग्रजांसाठीही अर्थ हरवलेला शब्द आहे, तरी चालतो. कारण त्या इमारतीत काम करणारी माणसं तो रोज बोलतात. आपल्या पाट्यांची खरी अडचण तिथे आहे. डॉक्टर केसपेपरवर इंग्रजीत लिहितात. सिस्टर 'लेबर रूममध्ये न्या' म्हणतात. मामा 'ओटीकडं चला' म्हणतात. सफाईच्या मावशी 'मेल वॉर्ड वर आहे' सांगतात. सगळ्या इमारतीत 'शस्त्रक्रियागृह' बोलते ती फक्त भिंत. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ पासून कारभाराची भाषा मराठी आहे, आणि ते योग्यच आहे. पण कायद्याने पाटी मराठी होते, बोलणं होत नाही. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला ती पाटी कळते. ज्याच्यासाठी लावली तो बाकावरच्या माणसाला विचारतो.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. राज्याने वस्त्यांमधली छोटी उपचार केंद्रं काढली तेव्हा त्यांच्या नावात 'आपला दवाखाना' घातलं. 'बाह्यरुग्ण उपचार केंद्र' नाही घातलं. लोक यायला हवे होते, तेव्हा लोकांचा शब्द सापडला. २०१४ पासून धावणाऱ्या रुग्णवाहिकेचंही तसंच. ती आली ती आकड्याने. गावात 'रुग्णवाहिका' कुणी म्हणत नाही, 'एकशेआठ बोलवा' म्हणतात.

आपल्या पद्धतीतला दोष

आता संशोधकांच्या चुकीकडे येते. आपण परतीच्या भाषांतरावर आंधळा विश्वास ठेवतो. या पद्धतीची नेहमी दाखला देण्याची जागा म्हणजे रिचर्ड ब्रिस्लिन यांचा १९७० सालचा शोधनिबंध. मूळ मजकूर एकाने भाषांतरित करायचा, दुसऱ्याने परत मूळ भाषेत आणायचा, आणि दोन्ही ताडून पाहायचे. तर्क असा की जुळले म्हणजे मधलं भाषांतर चांगलं.

'आंतररुग्ण' या कसोटीवर शंभर टक्के उत्तीर्ण होतो. का? कारण तो इंग्रजी शब्दाचे तुकडे मोजून घडवलेला आहे. तो परत इंग्रजीत नेला की मूळ शब्दच हातात येतो. म्हणजे मराठी जेवढी इंग्रजीच्या साच्यातली, तेवढं परतीचं भाषांतर सुरेख. ही चाचणी मराठी किती कळते हे मोजतच नाही. ती दोन इंग्रजी जाणणाऱ्या माणसांचं एकमत मोजते. ज्या मावशींना प्रश्न विचारायचा आहे त्या या सगळ्या प्रवासात कुठेच नाहीत.

हे माझं मोठं संशोधन नाही. खुद्द ब्रिस्लिन यांनी त्याच निबंधात बजावलंय की परतीचं भाषांतर जुळण्याची चुकीची कारणंही असतात: दोन्ही भाषांतरकारांना शब्दांच्या ठरलेल्या जोड्या माहीत असतात, वाईट भाषांतरातूनही हुशार माणूस अर्थ काढू शकतो, आणि भाषांतरात मूळ भाषेची ठेवण तशीच राहिली तर परत जाणं सोपं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीतही परतीच्या भाषांतरानंतर आणखी एक पायरी आहे, ती म्हणजे प्रत्यक्ष उत्तर देणाऱ्यांसारख्या माणसांना बसवून 'या प्रश्नातून तुम्हाला काय कळलं, तुमच्या शब्दांत सांगा' असं विचारणं. आपण पहिल्या पायऱ्यांचं प्रमाणपत्र घेतो आणि शेवटची गाळतो, कारण तिचं प्रमाणपत्र मिळत नाही.

यात आकड्यांचं नुकसान कसं होतं ते नीट समजून घ्या. समजा, प्रश्न न कळण्याचं प्रमाण सगळ्या गटांत सारखंच आहे. तर 'हो' आणि 'नाही' हे गट एकमेकांत मिसळतात आणि खरा फरक असला तरी साधारणपणे तो कमी दिसतो. तुम्ही लिहिता, 'संबंध आढळला नाही'. पण प्रत्यक्षात ते सारखं नसतंच. 'आंतररुग्ण' शिकलेल्याला कळतो, न शिकलेल्याला कळत नाही. म्हणजे चूक शिक्षणाशी बांधलेली आहे. शिक्षण पुन्हा उत्पन्नाशी, घरातल्या दाटीशी, दवाखाना गाठायला किती उशीर होतो याच्याशी बांधलेलं आहे. मग आकडा नुसता कमी होत नाही, तो कुठल्याही दिशेला सरकू शकतो. आणि नमुना दुप्पट केला तरी ही चूक जात नाही. उलट चुकीच्या उत्तराबद्दलची खात्री वाढते.

पिशवी, ऑपरेशन आणि संमती

हे फक्त माझ्या जिवाणूंपुरतं नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली असल्याचं समोर आलं, म्हणजे साधारण १७ टक्के. या विषयावर पुढेही कुणी ना कुणी संशोधन करणार आहे, कदाचित तुमच्यापैकीच. तेव्हा लक्षात ठेवा: आपल्याकडे 'गर्भाशय' कुणी म्हणत नाही, 'पिशवी' म्हणतात. आणि एखाद्या बाईला नुसतं 'ऑपरेशन झालंय का?' विचारलं, तर ती बहुधा कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनबद्दल उत्तर देईल, कारण बायांच्या बोलण्यात ऑपरेशन म्हणजे तेच. 'शस्त्रक्रिया' विचारलं तर कदाचित गप्प राहील. 'पिशवी काढली का?' विचारलं तर उत्तर मिळेल, पण त्या पिशवीबरोबर अंडाशयही काढलं का, हे 'पिशवी' शब्द सांगत नाही. त्यासाठी तिच्याकडचे कागद बघावे लागतील. म्हणजे लोकांचा शब्द घेतला की काम संपलं असं नाही. तो कुठवर पोचतो आणि कुठे थांबतो तेही तपासावं लागतं.

आणि यात संमतीचा प्रश्न आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती द्यायला हवी. आपण 'समजेल अशा भाषेत' याचा अर्थ 'मराठीत' एवढाच घेतो. 'आंतररुग्ण' मराठी आहे. पण मावशींना तो कळला नाही. ज्या संमतिपत्रात असे पाच-दहा शब्द असतील, त्याखालचा अंगठा कशाला दिलेली संमती आहे?

सातवा प्रश्न, पुन्हा

'आंतररुग्ण' नाही, 'ॲडमिट' नाही, मग काय? उत्तर मला एसटीने दिलं. आमच्या गावाला येणारी शेवटची बस मुक्कामी असते. मुक्काम म्हणजे रात्र काढणं, हे शाळकरी पोरापासून म्हातारीपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. आणि माझ्या अभ्यासातल्या व्याख्येचा गाभा तोच होता: किमान एक रात्र रुग्णालयात. म्हणून नवीन प्रश्न असा केला: 'गेल्या ३ महिन्यांत तुम्ही कुठल्या सरकारी किंवा खाजगी दवाखान्यात स्वतःच्या आजारपणासाठी रात्री मुक्कामी होता का?' 'स्वतःच्या आजारपणासाठी' हे शब्द नंतर घातले, कारण सुनेच्या बाळंतपणात तिच्यासोबत राहिलेल्या सासूबाईही 'हो' म्हणाल्या होत्या. 'विभागात' काढून 'तुमची खाट कुठं होती, बाजूला कसले पेशंट होते?' असं विचारलं, आणि उत्तरावरून वॉर्ड मी नोंदवला.

या प्रश्नाचं परतीचं भाषांतर मूळ इंग्रजीशी जुळलं नाही. शेरा आला की शब्द पारिभाषिक नाही, प्रमाणित संज्ञा वापरावी. मी चाचणी फेरीतली उत्तरं जोडून कारण लिहिलं: कोणता प्रश्न लोकांनी आपल्या शब्दांत कसा सांगितला, आणि तो व्याख्येशी कुठे जुळला. दोन महिने गेले. मंजुरी मिळाली. हे दोन महिने तुमच्या वेळापत्रकात आधीच धरा.

पाट्यांबद्दलही माझं म्हणणं एवढंच आहे. मराठी काढा असं अजिबात नाही. अधिकृत शब्द वर राहू द्या, त्याच्याखाली ठळक अक्षरांत चालता शब्द लिहा आणि तिथे काय होतं ते एका ओळीत सांगा. 'ओपीडी: तपासून घरी जायचं असेल तर इथे.' 'कॅज्युअल्टी: साप चावला, छातीत दुखलं, अपघात झाला, आधी इथे.' एक डबा रंग आणि एका दिवसाचं काम आहे. मग 'बाह्यरुग्ण'सुद्धा वाचून वाचून कदाचित रुजेल, जशी रक्तपेढी रुजली.

तुमच्यासाठी मात्र एक कामाची गोष्ट. प्रश्नावली लिहायला बसण्याआधी एक सकाळ जवळच्या सरकारी दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीसमोरच्या बाकावर काढा. मोबाईल पिशवीत ठेवा. कुणाचंही नाव, कुणाचाही आजार लिहायचा नाही, फक्त शब्द लिहायचे. लोक पाटीकडे बघून काय विचारतात आणि मामा-मावश्या काय सांगतात, ते दोन रकान्यांत उतरवा. जी प्रमाणित संज्ञा तुम्ही वापरणार आहात ती दोन्ही रकान्यांत एकदाही आली नाही, तर ती प्रश्नात घालण्याआधी थांबा.